खाली दुकान, मध्ये ऑफिस, वर बिऱ्हाड : मिश्र वापराचा टॉवर पहिल्यांदा आखताना

आमच्या ऑफिसात नवीन आलेल्याला मिश्र वापराच्या प्रकल्पावर बसवलं की दोन दिवसांत एक थ्रीडी माझ्या टेबलावर येतं. खाली काचेचा पोडियम (म्हणजे टॉवरखालची रुंद, बुटकी इमारत), वर दोन टॉवर, गच्चीतून लोंबणाऱ्या वेली आणि फुटपाथवर निवांत फिरणारी गोरी माणसं. मी एवढंच विचारतो, "कचऱ्याची गाडी कुठून आत येते?" आजवर एकालाही लगेच उत्तर देता आलेलं नाही. माझ्या पहिल्या प्रकल्पात मलाही आलं नव्हतं. ती फजिती पुढे सांगतो.

मिश्र वापर ही काही बाहेरून आलेली कल्पना नाही. पुण्याच्या पेठांमधले वाडे आठवा. रस्त्याकडे तोंड करून दुकानं, बाजूला वाड्याचा दरवाजा, त्यातून आत गेलं की चौक आणि वर बिऱ्हाडं. दुकानाचं गिऱ्हाईक चौकात येत नसे आणि चौकात वाळत घातलेल्या पापडांवर त्याची नजर पडत नसे. सगळी हुशारी त्या एका दरवाजात होती. आपल्याला तेच करायचं आहे, फक्त माणसं पन्नास नसून तीन हजारांच्या वर असतात आणि सगळ्यांना लिफ्ट लागते.

समजायला सोपं जावं म्हणून एक प्लॉट धरून चालू. बाणेर-बालेवाडीकडचा, साधारण १०,००० चौरस मीटरचा. एका बाजूला ३० मीटर रुंद डीपी रस्ता, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यातला रस्ता, मागे १२ मीटरचा. वर ३०० फ्लॅट, मध्ये ८,००० चौरस मीटर ऑफिसं, खाली ३,००० चौरस मीटर दुकानं.

पहिली पायरी : कागद, दगड आणि आकाश

पेन्सिल उचलण्याआधी सात-बारा, मोजणीचा नकाशा आणि झोन दाखला समोर ठेवा. मोजणीतली हद्द आणि जागेवरचं कुंपण यांत फरक निघतोच. किती, ते आधी कळलेलं बरं.

मग रस्त्याची रुंदी. मुंबई आणि काही विशेष क्षेत्रं सोडली तर राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, बोलीभाषेत यूडीसीपीआर. मुंबईचे नियम वेगळे, तिथले आकडे इथे आणू नका. पुण्यात मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येईल तो आकडा, १.१. त्यावर प्रीमियम भरून ०.५ आणि बाकी टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरून विकत आणलेला बांधकामाचा हक्क. तो किती वापरता येईल हे समोरच्या रस्त्यावर ठरतं. ९ मीटरच्या रस्त्यावर बेरीज २ पर्यंत जाते, ३० मीटरवर ३ पर्यंत. मेट्रो स्थानकापासून ५०० मीटरच्या आत असाल तर वेगळी तरतूद आहे, तिथे मोठ्या रस्त्यावरच्या मोठ्या प्लॉटला ४ पर्यंत मिळू शकतो. याशिवाय जिने, बाल्कन्या वगैरेंसाठी पूरक एफएसआय असतो, घरांना ६० टक्के आणि बिगरनिवासी वापराला ८० टक्के. नवीन मुलं इथे हमखास चुकतात. सगळ्या बांधकामाला एकच टक्का लावून मोकळी होतात, आणि महिनाभरानं हिशेब बसत नाही म्हणून रात्री जागतात. पहिल्या दिवसापासून दोन वेगळे रकाने ठेवा.

आपल्या प्लॉटमधून १० टक्के खुली जागा सोडावी लागेल. बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या वर जाणार, म्हणजे २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरीही लागेल. तिचा वेळ वेळापत्रकात आत्ताच धरा. बिल्डरला हे उशिरा सांगितलंत तर तुमचीच चूक.

जवळून ओढा जात असेल तर जुन्या नकाशात त्याचा मूळ मार्ग शोधा. नदीकाठी निळी रेषा २५ वर्षांच्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांच्या पुराची असते, ती बघा. पण ओढे त्या रेषांची वाट बघत नाहीत. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यानं काय केलं ते पुणेकर विसरलेले नाहीत. अशा जागी बेसमेंटच्या रॅम्पचं तोंड रस्त्यापेक्षा अर्धा मीटर तरी चढवून मग आत उतरवा.

जमिनीखाली बहुतेक ठिकाणी काळा पाषाण लागतो. पायासाठी झकास, बेसमेंटसाठी खिसा रिकामा करणारा. दुसरं बेसमेंट खोदायचं की पोडियमवर पार्किंगचा आणखी एक मजला चढवायचा, हा निर्णय ट्रायल पिट, म्हणजे चाचणीचे खड्डे, घेतल्याशिवाय करू नका.

आणि आकाश. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा आहे, त्यामुळे शहराच्या बऱ्याच भागांत उंचीवर मर्यादा येते. परवानगीच्या पत्रात उंची जमिनीपासून नसते, समुद्रसपाटीपासून असते. पुणं मुळात साधारण ५६० मीटरवर आहे. समजा पत्रात ६६५ लिहिलंय आणि तुमची जागा ५७५ वर आहे, तर हातात ९० मीटर आले. त्यात लिफ्टची मशीनरूम, पाण्याची टाकी आणि वीजरोधक तारेचं टोकही धरायचं. आम्ही एकदा लेव्हल चुकीच्या बेंचमार्कवरून, म्हणजे उंची मोजायच्या चुकीच्या खुणेवरून, घेतली होती. फरक निघाला तीन मीटरचा, म्हणजे बरोबर एक मजला. चार फ्लॅट कागदावरून पुसताना बिल्डरनं माझ्याकडे जसं पाहिलं, ते अजून आठवतं.

दुसरी पायरी : शनिवारी जागेवर उभं राहा

एक शनिवार, सकाळी सात ते रात्री दहा. वही घेऊन जा. रिक्षा कुठे थांबतात, पीएमपीची बस कुठे माणसं सोडते, वडापावची गाडी कुठे लागते, दुचाक्या कुठून उलट्या दिशेनं येतात. उलट्या दिशेनं येणाऱ्या दुचाक्या हा या शहराचा सगळ्यात खरा ट्रॅफिक सर्व्हे आहे. लोकांना जिथून यायचंय तिथून ते येणारच, तुमचं गेट तिथे असो वा नसो.

तिसरी पायरी : काय किती

हे आकडे बहुधा बिल्डरचा विक्री विभाग ठरवून देतो. तरी तुमचं मत असू द्या. तळमजल्यावरचं रस्त्याला लागून असलेलं दुकान कुठेही खपतं. पहिल्या मजल्यावर सरकता जिना आणि एखादं मोठं नाव लागतं. दुसऱ्या मजल्यावर दुकानं काढायचा आग्रह झाला तर मी तिथे दवाखाने, क्लासेस, जिम सुचवतो. लोक तिथे ठरवून येतात, चालता चालता वळत नाहीत.

त्यानंतर माणसं मोजा. राष्ट्रीय इमारत संहितेत, म्हणजे २०१६ च्या एनबीसीत, दर माणशी क्षेत्र दिलेलं आहे : घरात १२.५ चौरस मीटर, ऑफिसात १०, तळमजल्यावरच्या दुकानात ३, वरच्या विक्री मजल्यावर ६. म्हणजे त्याच हजार चौरस मीटरमध्ये घरं काढली तर ८० माणसं, ऑफिस काढलं तर १०० आणि तळमजल्यावर दुकानं काढली तर ३३३. जिन्यांची रुंदी, दारं, बाहेर पडायच्या वाटा सगळं यावर ठरतं. ऐन वेळी "हा ऑफिसचा मजला दुकानांना देऊ" असं कुणी म्हणालं की हा हिशेब समोर ठेवा.

ऐन वेळचे बदल तसेही सोपे राहिलेले नाहीत. रेरा, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे विक्री सुरू झाल्यावर मंजूर नकाशात मोठा फेरफार करायचा तर दोन तृतीयांश खरेदीदारांची संमती लागते. ज्याची खात्री नाही ते पहिल्या टप्प्यात नोंदवू नका.

चौथी पायरी : वाटा

यात सगळ्यात जास्त वेळ घाला. तळमजल्याचा नकाशा घ्या, टॉवरची फक्त बाह्यरेषा काढा आणि पाच रंगांची स्केचपेनं घ्या. राहणारे, ऑफिसवाले, गिऱ्हाईक, माल आणि कचरा, अग्निशमन. रंग एकमेकांना जिथे छेदतात तिथे लाल वर्तुळ. पहिल्या खेपेला वीसेक वर्तुळं येतील. ती चार-पाचांवर येईपर्यंत वरचे मजले काढायचे नाहीत.

आपल्या प्लॉटवर दुकानं आणि ऑफिसांचा दर्शनी भाग ३० मीटर रस्त्यावर जाईल, त्यात वाद नाही. घरांचं मुख्य गेट मी मागच्या १२ मीटर रस्त्यावर घेईन. इथे भांडण होतं. फ्लॅट घेणाऱ्याला मोठ्या रस्त्यावरचा पत्ता आणि कमान हवी असते. कमान द्या, तिथून चालत येण्यापुरती वाट द्या, पण गाड्या मागून आत घ्या. शनिवारी संध्याकाळी दुकानांच्या पार्किंगच्या रांगेत पंधरा मिनिटं अडकलेला फ्लॅटमालक कमानीकडे बघत नाही.

चालत येणाऱ्यांची वाट आम्ही आर्किटेक्ट लोक नेहमी शेवटी आठवतो. घरकामाच्या मावशी सकाळी सातला बसथांब्यावरून येतात. त्यांना गाड्यांच्या रॅम्पवरून चढावं लागत असेल तर तुमचा नकाशा चुकला आहे. डिलिव्हरीच्या मुलांसाठी गेटच्या आत, लॉबीच्या बाहेर, पंधरा-वीस दुचाक्यांची जागा आणि वर छत द्या. ती दिली नाहीत तर पावसात ती मुलं अग्निशमनाच्या वाटेवर गाड्या लावतील, आणि मी त्यांना दोष देणार नाही.

अग्निशमनाची वाट मात्र कुणाच्याही सोयीनं वाकत नाही. निदान ६ मीटर रुंद, वळणाला ९ मीटर त्रिज्या, आणि ४५ टनांची गाडी पेलेल असा कठीण पृष्ठभाग. ही वाट बेसमेंटच्या छतावरून जात असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला पहिल्या बैठकीतच सांगा. त्या पट्ट्यातला स्लॅब वेगळा होतो, तुळया खोल होतात आणि खालच्या पार्किंगची उंची मार खाते.

आता माझी फजिती. कचऱ्याची गाडी पोडियमखालून आत येईल असं दाखवलं होतं. स्लॅबखाली ४.२ मीटर उंची, मला भरपूर वाटली. त्यात ६०० मिलिमीटरची तुळई आली, राहिले ३.६. तुळईखालून हवेचा डक्ट गेला, राहिले ३.३. डक्टखाली स्प्रिंकलरचा पाइप लटकला. साडेतीन मीटर उंच गाडी पहिल्या दिवशी आली, थांबली आणि उलटी गेली. तेव्हापासून तिथे रोज पहाटे चौघेजण डबे ढकलत मोठ्या रस्त्यावर नेतात, तेही साड्यांच्या दुकानासमोरून. आता मी प्रत्येक वाटेवर दोन आकडे लिहायला लावतो : रुंदी, आणि सगळ्यात खाली लटकणाऱ्या वस्तूखालची उंची.

पाचवी पायरी : सेक्शन

मिश्र वापराची इमारत प्लॅनमध्ये सुटत नाही. ती सेक्शनमध्ये, म्हणजे इमारत उभी कापून काढलेल्या नकाशात सुटते, कारण प्रत्येक वापराला खांब वेगळ्या ठिकाणी हवे असतात.

पार्किंगपासून सुरुवात करा. मोठ्या गाडीला २.५ बाय ५ मीटर. दोन खांबांत तीन गाड्या बसवायच्या तर ७.५ मीटर मोकळे आणि खांबाची जाडी, म्हणजे साधारण ८.१ ते ८.४ मीटरचा ग्रिड, खांबांची चौकट. दुकानांना आणि ऑफिसांना हाच ग्रिड मानवतो. घरांना मानवत नाही. घरांत खोल्या तीन-साडेतीन मीटरच्या, आणि हल्ली ॲल्युमिनियम फॉर्मवर्कमुळे, म्हणजे काँक्रीट ओतायच्या तयार साच्यांमुळे, खांबांऐवजी काँक्रीटच्या भिंतीच असतात. त्या भिंती सरळ खाली आणल्या तर दुकानाच्या मधोमध येतात. म्हणून मधे ट्रान्सफर मजला टाकतात : जाड तुळया वरचा भार घेऊन खालच्या खांबांवर सोपवतात. हा मजला महाग असतो आणि भूकंपात तोच नाजूक ठरतो. पुणं भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात धरलेलं आहे, आणि ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का आठवणारी माणसं आजही घरोघरी सापडतील. ५० मीटरच्या वरच्या काँक्रीट इमारतींना आयएस १६७०० हे वेगळं मानक आहे. आर्किटेक्टनं ते एकदा वाचावं, निदान कुठे अडवलं जाणार हे कळायला.

दुसरा मार्ग म्हणजे टॉवर दुकानांवर ठेवायचाच नाही. टॉवर मागच्या बाजूला, थेट जमिनीपर्यंत, आणि दुकानं-ऑफिसं पुढे वेगळ्या बुटक्या इमारतीत. दहा हजार मीटरच्या प्लॉटवर हे बहुतेक वेळा बसतं. थ्रीडीत ते कमी रुबाबदार दिसतं. तरी मला विचाराल तर आधी हाच पर्याय काढून बघा.

मजल्यांची उंची प्रत्येक वापराला वेगळी लागते. दुकानाला साडेचार मीटरच्या आसपास, ऑफिसाला चार, घराला तीन-सव्वातीन. नळांचीही गंमत असते. वर एकावर एक रचलेले बाथरूमचे शाफ्ट, म्हणजे पाइपांच्या उभ्या पोकळ्या, खाली ऑफिसच्या मजल्यावर येतात तेव्हा ते कुणाच्या तरी मीटिंगरूममध्ये उतरलेले असतात. म्हणून घरं जिथून सुरू होतात त्याच्या खाली एक सर्व्हिस मजला ठेवून तिथे पाइप आडवे वळवतात. त्याची उंची इतकी ठेवा की प्लंबर निदान वाकून चालू शकेल. रांगत काम करावं लागलं की गळती दुरुस्त होत नाही, तिच्याखाली बादली ठेवली जाते.

लिफ्ट वेगळ्या, लॉबी वेगळ्या. घरांची लिफ्ट ऑफिसच्या मजल्यावर थांबता कामा नये, कार्डानंसुद्धा नाही.

सहावी पायरी : आग

एनबीसीप्रमाणे १५ मीटरपासून इमारत उंच धरतात. २४ मीटरच्या वर गेलात की आसऱ्याची जागा, म्हणजे रिफ्यूज एरिया लागते : पहिली २४ मीटरवर, पुढे दर १५ मीटरला. क्षेत्र काढायचं ते दोन मजल्यांवरच्या माणसांना दर माणशी ०.३ चौरस मीटर. हजार मीटरचे दोन निवासी मजले म्हणजे १६० माणसं, म्हणजे ४८ चौरस मीटर, वर व्हीलचेअरची जागा. स्थानिक नियमावली आणि अग्निशमन दलाच्या अटी याहून कडक असू शकतात. जे कडक असेल ते धरा.

मिश्र वापरात खरी डोकेदुखी उपाहारगृहांची. २०१७ च्या डिसेंबरात मुंबईच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली आणि १४ जण गेले. त्यानंतर गच्चीवरचं उपाहारगृह कुणी सुचवलं की मी आधी खाली उतरायचे दोन जिने दाखवायला सांगतो. घरांचे जिने दुकानांच्या पोटातून नेऊ नका. ते सरळ उघड्यावर बाहेर पडले पाहिजेत.

स्वयंपाकघराच्या धुराड्याची जागा आजच ठेवा, भाडेकरू कोण हे ठरलेलं नसलं तरी. आमच्या एका जुन्या इमारतीत ती ठेवली नव्हती. तीन वर्षांनी खाली खानावळ आली, धुराडं बाहेरच्या भिंतीवरून चढवलं आणि तिसऱ्या मजल्यावर संपवलं. त्या मजल्यावरच्या काकूंनी मला फोन करून सांगितलं, "पावणेबाराला मिरचीची फोडणी पडते, आम्ही खिडक्या लावून घेतो." शाफ्ट थेट टॉवरच्या माथ्यापर्यंत न्यावा लागतो आणि त्यात दुसरं काहीही टाकायचं नसतं.

सातवी पायरी : पाणी आणि वीज

घरात दर माणशी १३५ लिटर, ऑफिसात ४५. आपल्या ३०० फ्लॅटमध्ये पाच-पाच माणसं धरली तर दिवसाला २,०२,५०० लिटर, ८०० ऑफिसवाल्यांना ३६,०००. टाक्या वेगळ्या, पंप वेगळे, मीटर वेगळे, कारण उद्या टँकरचं बिल कुणी भरायचं यावर सभा होणार आहे. टँकर येणार हे गृहीत धरून त्याला उभं राहायला जागा दाखवा. पर्यावरण मंजुरीच्या नकाशात ती दाखवायला लोक लाजतात. सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा वास आणि जनरेटरचा आवाज कुणाच्या बेडरूमखाली येतो, तेही तपासा.

आठवी पायरी : कोणाचं काय

हे वकिलांचं काम म्हणून सोडून देऊ नका. पोडियमवरची बाग घरांची, पण तिच्याखालचा स्लॅब दुकानांचं छप्पर. पाणी गळलं तर खर्च कुणाचा? माझ्या माहितीतल्या एका ठिकाणी याच वादात दोन पावसाळे गेले, आणि सराफानं दुकानात प्लास्टिक लावून धंदा केला. शक्यतो हद्दीची रेषा इमारतींच्या मधल्या सांध्यावर आणा, म्हणजे घरांची सोसायटी आणि दुकानदारांची संस्था आपापल्या गच्चीची दुरुस्ती आपापली करतील. जमलं नाही तर नकाशावर रंगानं दाखवा : घरांचं, दुकानांचं, दोघांचं. दोघांचं जितकं कमी तितकं चांगलं.

नववी पायरी : एक दिवस चालवून बघा

नकाशे सादर करण्याआधी सगळ्यांना टेबलाभोवती बसवा आणि घड्याळ लावून दिवस म्हणून दाखवा. साडेपाच, दूध आणि पेपर. सात, मावशी. सव्वासात, शाळेची बस मागच्या गेटवर, आणि त्याच वेळी दुकानाचा मालाचा टेम्पो तिथेच मागे घेतोय का? साडेनऊ, ऑफिसच्या लिफ्टपुढची रांग. दुपारी एक, डब्यांच्या दुचाक्या. संध्याकाळी सात, गिऱ्हाईक. साडेअकरा, खुर्च्या आत घेण्याचा आवाज आणि उष्ट्याचे डबे. मग गणपती घ्या : मांडव कुठे, ढोल कुठे वाजणार, मिरवणूक कुठल्या गेटनं बाहेर पडणार.

आणि एखाद्या घरात कुणी जातं, तो दिवसही म्हणून बघा. स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट नियमात असते, पण ती खाली उघडते कुठे? आमच्या एका इमारतीत ती कॅफेच्या टेबलांसमोर उघडली. एक कुटुंब आणि कॉफी पिणारी वीस अनोळखी माणसं दहा मिनिटं एकमेकांकडे बघत उभी होती. त्यानंतर घरांच्या लॉबीला लागून, दुकानांतून न दिसणारी आणि रुग्णवाहिका थेट लागेल अशी आठ बाय दहा मीटरची जागा मी प्रत्येक तळमजल्यावर ठेवतो. नकाशावर तिचं नाव "स्कूल बस थांबा" असं लिहितो, कारण एरवी तिचा उपयोग तोच असतो. चार बाकं, एक नळ आणि वर पावसापुरतं छप्पर.